टीव्ही बिस्किटाच्या डब्यातून!

मैत्रिणींनो, नगर असो की संगमनेर, सुट्टीत मुलांचा पसारा ठरलेलाच! पण तो केराच्या टोपलीत टाकण्यापूर्वी जरा थांबा. १९२६ साली लंडनला टीव्हीचं चित्र दाखवणाऱ्या जॉन बेअर्ड यांनी आपलं पहिलं यंत्र बिस्किटाचा डबा, टोपीचा खोका, रफूच्या सुया अशाच वस्तूंतून जुळवलं होतं.

तशी प्रतिकृती घरीही जमते. पुठ्ठ्याच्या चकतीवर गोगलगायीच्या शंखासारख्या वळणात ३० भोकं पाडून ती छोट्या मोटारीवर फिरवायची. मागे संगणकाच्या संकेतानुसार लुकलुकणारा एलईडी दिवा. प्रत्येक भोक एकेक रेघ ओढतं अन् इवलंसं चित्र दिसतं! भोक चुकलं, की चित्रात काळा पट्टा. इथे तुमचा ठिपक्यांच्या रांगोळीचा हात उपयोगी पडेल. सारं बॅटरीवरच चालवा हं! मग, रागावण्याऐवजी मुलांशेजारी बसाल ना?