दगडी पाला लावला, पण इंजेक्शनचे काय?

खुरपणी करताना विळा बोटाला लागतो. दवाखाना लांब, पण बांधावर दगडी पाला हाताशी असतो. चार पाने चोळायची, रस जखमेवर पिळायचा आणि चिंधी बांधून पुन्हा कामाला लागायचे, ही आपल्याकडची जुनी रीत.

दगडी पाला हे सूर्यफुलाच्या कुळातील बहुवर्षायू तण. लांब देठावर एकच पिवळे-पांढरे फूल येते, म्हणून त्याला एकदांडीही म्हणतात. मूळचे ते अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. त्याचे केसाळ बी वाऱ्यावर उडते, त्यामुळे शेत, पडीक रान, रस्त्याची कड असे सगळीकडे ते पसरले आहे.

या पाल्यात काहीच गुण नाही, असे नाही. त्याच्या अर्काचे जखमेवरील परिणाम प्रयोगशाळेत, प्राण्यांवर तपासले गेले आहेत. पण तो अर्क स्वच्छ केलेला आणि मोजलेला असतो. बांधावरच्या पानाला मात्र माती, शेण, कधी फवारणीचे औषधही चिकटलेले असते.

धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू माती-शेणात वर्षानुवर्षे टिकतात. हवा न पोहोचणाऱ्या खोल जखमेत ते वाढतात आणि विष तयार करतात. बहुधा ३ ते २१ दिवसांत जबडा आखडतो, गिळता येत नाही, शरीर धनुष्यासारखे ताठते. तोवर मूळ जखम कदाचित भरूनही आलेली असते. म्हणजे रक्त थांबले, याचा अर्थ धोका टळला असा होत नाही.

जखम झाल्यास ती वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी, स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावे आणि दवाखाना गाठावा. जखम मळकी किंवा खोल असेल आणि शेवटच्या डोसला ५ वर्षे होऊन गेली असतील, तर इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागते. पूर्वीचे डोस अपुरे असतील, तर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागू शकते.

मुलांना १० व्या आणि १६ व्या वर्षी, तर स्त्रियांना गरोदरपणात ही लस मिळते. पुरुषांना मात्र १६ नंतर ती घेण्याचे निमित्तच उरत नाही. दर १० वर्षांनी एक डोस घ्यावा. तुमच्या घरातल्या शेतात राबणाऱ्या माणसाने शेवटचे इंजेक्शन कधी घेतले होते, हे आजच विचारा. आठवत नसेल, तर जखमेची वाट न पाहता जवळच्या सरकारी दवाखान्यात जा.