जुना संगणक सुरू करण्यापूर्वी

विद्यार्थी मित्रांनो, माळ्यावर वर्षानुवर्षे पडून असलेला रेडिओ खाली काढला, की तो लावून पाहण्याचा मोह होतो. वस्तू जुना संगणक असेल, तर हा मोह आवरायला हवा. एका क्षणाच्या घाईने तो कायमचा निकामी होऊ शकतो.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात कॅरी हे शहर आहे. सॅस इन्स्टिट्यूट या संगणक-कंपनीचे मुख्यालय १९८० पासून तेथे आहे. संगणकाच्या कामासाठी गेलेली अनेक मराठी कुटुंबेही या परिसरात राहतात. अशा शहरात एखाद्या घरी त्या काळातील संगणक जपून ठेवलेला असला तर नवल नाही. आपल्या देशातही १९८४ च्या सुमारास 'क्लास' या प्रकल्पातून काही शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे संगणक आले होते. असे संगणक आज इतिहासाचा ठेवा बनले आहेत.

पडून राहिल्याने संगणक का बिघडतो? त्याच्या वीजपुरवठ्याच्या भागात कपॅसिटर म्हणजे धारित्रे असतात. काही धारित्रांत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या व द्रव भिजवलेला कागद असतो. पट्टीवरील ऑक्साइडचा अतिशय पातळ थर विजेला अडवतो. अनेक वर्षे वीज न मिळाल्यास हा थर कमकुवत होतो. मग एकदम पूर्ण दाबाची वीज सोडली, तर धारित्र तापते, फुगते आणि फुटूही शकते.

म्हणून जाणकार माणसे पायरीपायरीने जातात. प्रथम ती वायर न जोडता आतील भाग पाहतात. घड्याळ चालू ठेवणारा छोटा विद्युतघट पाझरला असेल, तर त्यातील अल्कली तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. असा घट आधी काढतात.

नंतर विजेचा दाब पाहायचा. अमेरिकेत घरातील वीज १२० व्होल्टची, तर आपल्याकडे २३० व्होल्टची असते. केवळ १२० व्होल्टसाठी बनवलेला संगणक कॅरीहून आणून येथे थेट लावला, तर तो जळेल. त्याला दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लागतो.

आता वीजपुरवठ्याचा भाग मुख्य पट्टीपासून वेगळा करून तपासतात. तुमच्या गावातील वायरमन वापरतो तसा विजेचा दिवा ते त्याच्याशी सिरीजमध्ये जोडतात. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. प्रखर जळतच राहिला, तर आत शॉर्ट सर्किट आहे असे समजावे. त्यानंतर दिवा काढून, योग्य भार जोडून मल्टिमीटरने बाहेर पडणारा दाब मोजतात. त्या काळच्या बहुतेक चिप्सना ५ व्होल्ट लागत. १९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ या संगणकाचा जुना अडॅप्टर बिघडला, की कधी कधी हा दाब वाढतो आणि स्मृतीच्या चिप्स जळतात. म्हणून दाब बरोबर आहे याची खात्री झाल्यावरच संगणक जोडतात.

मित्रांनो, हे काम तुम्ही एकट्याने मुळीच करू नका. वायर काढल्यावरही धारित्रांत वीज साठून राहते. जुन्या पडद्याच्या काचनळीत तर हजारो व्होल्टचा दाब असतो. जाणकार माणसाजवळ बसून पाहा, प्रश्न विचारा. धीर धरला, तर चाळीस वर्षांपूर्वीचे यंत्रही पुन्हा चालू लागलेले तुम्हांला पाहायला मिळेल.