बिनचालकाची फोर्कलिफ्ट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बिनचालकाची फोर्कलिफ्ट एआयच्या लाटेतून कालपरवा आली, असं सर्रास मानलं जातं. प्रत्यक्षात तारेचा माग काढत माल ओढणारी बिनचालक गाडी अमेरिकेतल्या बॅरेट इलेक्ट्रॉनिक्सने १९५० च्या दशकातच बनवली होती. पुढे खांबांवरच्या परावर्तकांवरून लेझरने जागा ओळखणाऱ्या गाड्या आल्या. आजच्या अनेक गाड्यांना परावर्तकही लागत नाहीत; भिंती, खांब, रॅक पाहून त्या आपला ठावठिकाणा काढतात. तंत्र चांगलं मुरलेलं आहे. घोडं अडतं ते गोदामात.

कारण सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा: गाडी आणली, नकाशा भरला, काम सुरू. अनुभवी ऑपरेटर तुटक्या फळीचं पॅलेट दिसलं की काटे जरा तिरके घालतो, माल सावरतो, पुढे जातो. बिनचालक गाडी तिथे थांबते. पॅलेटची खाच ठरल्या जागी नाही, फळी लोंबते आहे किंवा खोकी बाहेर आली आहेत, एवढं कारण तिला पुरतं. पॅलेटला गुंडाळलेल्या स्ट्रेच फिल्मचं सुटलेलं टोक सेन्सरसमोर फडफडलं, तर ते तिला अडथळाच वाटतं. अशी थांबलेली गाडी मोकळी करायला माणूस धावतो, आणि दिवसातून असं वारंवार झालं तर गुंतवणुकीचं गणितच कोलमडतं.

फरशीचंही तेच. दोन चाकांत एक मीटर अंतर असेल आणि एक चाक ३ मिलिमीटर खाली बसलं, तर ८ मीटर उंचीवर माल २४ मिलिमीटर कलतो. उंच रॅकमध्ये पॅलेट सरकवताना एवढा फरक जाणवतो. म्हणून गाडी निवडण्याआधी फरशी मोजून घ्यावी, असं मी आग्रहाने सांगेन.

‘माणसापेक्षा जोरात पळते’ हेही खरं नाही. या गाड्या साधारण सेकंदाला दीड-दोन मीटर, म्हणजे ताशी पाच-सात किलोमीटर वेगाने जातात. निष्णात ऑपरेटर त्याहून वेगाने काम करतो. फायदा सातत्यात आहे. लांबचा, ठरलेला, पुन्हा पुन्हा करायचा फेरा गाडी रात्रपाळीतही त्याच गतीने करते, रॅकच्या खांबांना धडका कमी बसतात आणि कोणतं पॅलेट कुठे ठेवलं याची नोंद जागच्या जागी होते. दर तासाला काम बदलणाऱ्या छोट्या गोदामात मात्र हा फायदा फारसा हाती लागत नाही.

सुरक्षेबद्दल दोन टोकाचे समज आहेत: ही गाडी माणसाला चिरडेल, किंवा तिला सगळं दिसतं. या गाड्यांसाठी आयएसओ ३६९१-४ हे मानक २०२० मध्ये आलं. त्यात सेन्सर तपासायला दोन नळकांडी वापरतात: २०० मिलिमीटर जाडीचं आडवं ठेवलेलं आणि ७० मिलिमीटर जाडीचं उभं. पहिलं पडलेल्या माणसासाठी, दुसरं उभ्याच्या पायासाठी. पण मुख्य सुरक्षा स्कॅनर बहुधा घोट्याच्या आसपासच्या उंचीवर, एकाच आडव्या पातळीत पाहतो. दुसऱ्या गाडीचे वर उचललेले काटे किंवा रॅकबाहेर आलेला माल त्याला दिसेलच असं नाही. वर पाहणारे वेगळे सेन्सर त्यासाठीच लावतात, आणि चालण्याची वाट पिवळ्या पट्ट्यांनी वेगळी आखावी लागते.

‘माथाडींचं काम जाणार’ ही भीती चुकीच्या जागी आहे. आपल्याकडे ट्रकमध्ये बराच माल सुटा भरला जातो. गोण्या, खोकी हातानेच उतरतात. बिनचालक फोर्कलिफ्ट पॅलेटवर रचलेला मालच उचलते. खरा परिणाम फोर्कलिफ्ट ऑपरेटरवर होतो, आणि ते लपवू नये. पॅलेट कुठे अडतं, कोणता कोपरा अवघड, हे त्यालाच ठाऊक असतं. नकाशा आखताना त्याला सोबत घ्या आणि थांबलेल्या गाड्या हाताळण्याचं प्रशिक्षण आधी त्यालाच द्या.

कोटेशन मागवण्यापूर्वी एक आठवडा गोदामातलं प्रत्येक पॅलेट तपासा, मोडकी बाजूला काढा आणि त्यांची संख्या विक्रेत्यासमोर ठेवा.