शामोनी : वाटाड्यांनी घडवलेलं गाव

डोंगरवेड्यांना आसरा देणाऱ्या दऱ्या जगात पुष्कळ आहेत. मनालीत १९६१ पासून गिर्यारोहणाची संस्था आहे. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत एल कॅपिटनची सुमारे नऊशे मीटरची भिंत आहे आणि जवळच प्रस्तरारोहकांचा जुना तळ, कॅम्प ४. पण डोंगरावर जाणाऱ्याची जबाबदारी अख्ख्या गावाने कशी घ्यावी, हे शिकायचं तर फ्रान्समधल्या शामोनीकडेच पाहावं लागतं.

दरीचा तळ सुमारे १०३५ मीटरवर, तर माँ ब्लाँचा माथा ४८०० मीटरहून उंच. १७६० मध्ये जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने शिखराची वाट शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. ८ ऑगस्ट १७८६ रोजी याच दरीतले डॉक्टर पाकार आणि डोंगरात स्फटिक शोधणारा बाल्मा माथ्यावर पोचले. मग पाहुण्यांची रीघ लागली. १८२० मध्ये हिमप्रपाताने तीन वाटाडे गिळले आणि पुढच्याच वर्षी गावातल्या वाटाड्यांनी आपली कंपनी स्थापन केली. पाहुण्यासोबत कोणी जायचं ते पाळीने ठरे. जखमींसाठी आणि मृतांच्या कुटुंबांसाठी मदतनिधी असे. दोनशे वर्षांपूर्वीच्या गरीब शेतकऱ्यांचं हे शहाणपण मला थक्क करतं.

या गावाशी आपलंही एक दुःखद नातं आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ विमान माँ ब्लाँवर कोसळलं. अठ्ठेचाळीसही जण गेले. त्यांच्या शोधासाठी वर निघालेला इथला वाटाड्या रने पायो परतला नाही. १९६६ मध्ये त्याच पर्वतावर ‘कांचनजंगा’ विमान आदळलं. त्यात होमी भाभा होते. दरम्यान १९५६च्या डिसेंबरात दोन तरुण आरोहक बर्फात अडकले आणि सुटकेच्या विस्कळीत प्रयत्नांनंतर तिथेच गेले. त्या धक्क्यातून १९५८ मध्ये पोलिसांचं खास पर्वतीय बचावपथक उभं राहिलं.

१९५५ पासून रोपवे आरोहकांना ३८४२ मीटरच्या एग्वी द्यु मिदी शिखराजवळ नेतो. दिवसभर ग्रॅनाइटवर चढून संध्याकाळी गावात परतता येतं. नवशिक्यांसाठी गावाच्या कडेलाच गायाँचे कडे आहेत. पण डोंगर आता ढासळतोय. खडकाला सांधणारा बर्फ वितळू लागला आणि २००५ मध्ये द्रु शिखरावरचा प्रसिद्ध बोनाती स्तंभ कोसळला. मेर द ग्लास ही हिमनदी इतकी खचली, की तिच्यापर्यंत उतरायला पाचशेहून अधिक पायऱ्या लागू लागल्या.

आपल्याकडे सह्याद्रीत लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक दोरखंड घेऊन रात्री-अपरात्री दऱ्यांत उतरतात. पायथ्याच्या वाटाड्याला मात्र ठरलेली पाळी नाही आणि मागे राहणाऱ्यांसाठी निधीही नाही. तेव्हा गिर्यारोहण संस्थांनो, सह्याद्रीच्या पायथ्याच्या पाचनईसारख्या एखाद्या गावापासून सुरुवात करा. वाटाड्यांचं मंडळ, ठरलेले दर, विमा आणि सामायिक निधी एवढं तरी उभं करा.