उद्घाटनाच्या आदला दिवस

सकाळी ८. रीगा शहरातलं छोटं दालन. उद्यापासून इथे कुर्ट्‌स फ्रिड्रिखसोन्स या लाटवियन चित्रकाराचे जलरंग लागणार आहेत. पेट्या काल आल्या, पण रात्रभर बंदच ठेवल्या. बाहेरच्या थंडीतून आलेला कागद आधी आतल्या हवेला सरावायला हवा.

९. पेट्या उघडतात. संयोजिका एकेक चित्र टेबलावर घेते, टॉर्च तिरका धरून पाहते: डाग, सुरकुती, सुटलेला कोपरा. नोंद, फोटो, सही. दुपारपर्यंत दुसरं काही नाही.

१२.३०. डबे उघडतात आणि वादही. १९५१ मध्ये फ्रिड्रिखसोन्ससह रीगातल्या १३ जणांना सोव्हिएत पोलिसांनी पकडलं. गुन्हा असा की ते जमून फ्रेंच साहित्य वाचत, बोलत. आंद्रे जीदनं सोव्हिएत संघाच्या प्रवासावर लिहिलेलं पुस्तकही त्यात होतं. त्यांतल्या कवयित्री एल्झा स्टेर्स्ते तेव्हा पासष्टीच्या. फ्रिड्रिखसोन्सना २५ वर्षांची शिक्षा झाली. ओम्स्कच्या छावणीतून ते १९५६ मध्ये सुटले. अनुवादक माया सिल्माले यांना तर १९७१ मध्ये पुन्हा अटक झाली.

तरुण सहकाऱ्याला हे सगळं दारातच, मोठ्या अक्षरांत हवंय. संयोजिका ऐकत नाही. मग लोक प्रत्येक निळ्या पट्ट्यात छावणीच शोधतील, ती म्हणते. मला तिचं पटतं. ज्याला सत्तेनं कैदी केलं, त्याला आपणही कैदी म्हणूनच टांगायचं का? शेवटी ठरतं: इतिहासाचा फलक बाजूच्या खोलीत. चित्राखाली फक्त नाव, साल, माध्यम.

३. टांगणी. चित्राचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर. लेव्हल, पेन्सिल, खोडरबर. एक चौकट तीनदा उतरते.

५. दिवे. जलरंगाला ५० लक्सच्या वर प्रकाश सोसत नाही, रंग उडतो. अंधूकपणा पाहून कोठडीचा आभास मुद्दाम केलाय असं पाहुण्यांना हमखास वाटतं. म्हणून पहारेकऱ्याला खरं कारण सांगून ठेवलंय.

७. दालन बंद. तुम्हाला कुठे फ्रिड्रिखसोन्सचं चित्र दिसलं, तर आधी चित्र पाहा. बाजूच्या खोलीतला फलक नंतर वाचा.