काचेभोवतीचं रबर का तडकतं?

गाडीच्या समोरच्या काचेभोवतीची बीडिंग तडकते ती ऊन आणि ओझोनमुळे. नैसर्गिक रबराच्या लांब रेणुसाखळ्यांत दुहेरी बंध असतात. हवेतला ओझोन नेमके तेच तोडतो. म्हणून बाहेरच्या पट्ट्यांसाठी आता बहुधा ईपीडीएम हे कृत्रिम रबर वापरतात. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात. त्यात मिसळलेली काजळी अतिनील किरणही शोषून घेते.

पट्टी बदलण्याआधी एक फरक ओळखा. अ‍ॅम्बॅसिडर, पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत काच रबराच्या खाचेतच बसलेली असते. रबर बदलायचं तर काच उतरवावी लागते. ते काम कोल्हापुरात उद्यमनगरातल्या जाणत्या कारागिराकडेच द्यावं. नव्या गाड्यांत काच पॉलियुरेथेनने चिकटवलेली असते आणि बाहेरची पट्टी बहुतेकदा फट झाकते. ती गेली की फटीत माती-पाणी साचतं, पत्रा गंजतो.

जुनी पट्टी काढल्यावर खाच साफ करा. गंज दिसला तर तो घासून प्रायमर लावा. चकाकीसाठी पेट्रोल-डिझेल चोळू नका, कारण त्यात ईपीडीएम फुगतं. आणि हे सगळं मृग लागण्याआधी उरका. ओल्या खाचेत चिकटद्रव्य नीट धरत नाही.