ऑफिसचा राजा, घरात पाहुणा

शुक्रवारची संध्याकाळ. विरारला गाडी बदलून डहाणू लोकल पकडलेली. पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप, दोन नेटवर्क केबल्स आणि बाबांच्या बीपीच्या गोळ्या. अंधेरीच्या एका ऑफिसात मी नेटवर्क सांभाळते. चारशे लोकांचं इंटरनेट माझ्या भरवशावर चालतं. पण डहाणूच्या घरातल्या एका वाय-फायच्या डब्यानं मला जेवढं रडवलंय ना, तेवढं त्या चारशे जणांनी मिळूनही नाही!

हसू नका. घरातल्या अशाच डब्यापायी सिस्कोनंही हात टेकलेत.

सिस्को म्हणजे आमच्या धंद्यातला बाप. १९८४ साली लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या जोडप्यानं कॅलिफोर्नियात सुरू केलेली कंपनी. बँका, टेलिफोन कंपन्या, युनिव्हर्सिटीज... जिथे शेकडो कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात, तिथे मध्ये यांचे राउटर आणि स्विच. गिऱ्हाईक कोण, तर आमच्यासारखे पगारी इंजिनिअर. काही बिघडलं तर निस्तरायला आम्ही आहोतच.

मग या बापाला घराघरात शिरायचे वेध लागले. मार्च २००३ मध्ये सिस्कोनं लिंक्सिस घ्यायचं जाहीर केलं, किंमत ५० कोटी डॉलर. व्हिक्टर आणि जेनी त्साओ या नवरा-बायकोनं १९८८ मध्ये आपल्या गॅरेजमधून सुरू केलेली ही कंपनी. तिचा तो निळा-काळा, दोन अँटेनांचा राउटर आठवतो? आमच्या जमातीत त्याची अजून पूजा होते. २००६ मध्ये सेट-टॉप बॉक्स बनवणारी सायंटिफिक अटलांटा ६९० कोटी डॉलरला आली. २००९ मध्ये फ्लिप नावाचा खिशात मावणारा व्हिडिओ कॅमेरा, ५९ कोटींना. एक मोठं लाल बटण, दाबा आणि शूट करा. एकदम क्यूट प्रकार होता तो!

ऑक्टोबर २०१० मध्ये तर उमी आला. दिवाणखान्यातल्या टीव्हीवर समोरासमोर बसल्यासारखा व्हिडिओ कॉल. यंत्र ५९९ डॉलरचं, वर महिन्याला पंचवीस डॉलरच्या आसपास फी. आता मला सांगा, स्काइपवर फुकटात नातवंडं दिसत असताना हे कोण घेणार? दोन वर्षंही टिकला नाही. फ्लिपचं दुकान एप्रिल २०११ मध्ये बंद झालं, तिथल्या साधारण साडेपाचशे नोकऱ्यांवर कुऱ्हाड आली. कॅमेरा तोवर मोबाइलमध्येच जाऊन बसला होता. २०१३ मध्ये लिंक्सिसही बेल्किनला विकून टाकली. दहा वर्षांचा संसार, काडीमोड!

पंडित सांगतात, नफ्याचं गणित चुकलं. खरंय. ऑफिसच्या मालावर शंभरामागे साठच्या वर मार्जिन सुटायची सवय असलेल्या कंपनीला दुकानाच्या फळीवरची घासाघीस कुठून झेपणार? पण मला विचाराल तर आणखी एक गोष्ट आहे. घरात आयटी डिपार्टमेंट नसतं. घरात बाबा असतात.

नोव्हेंबर २०१८ पासून आमच्या डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या आसपास जमिनीतून गडगडल्यासारखा आवाज यायचा, भांडी खणखणायची. १ फेब्रुवारी २०१९ ला तर धक्का चार रिश्टरच्या वर गेला. लोक थंडीत बाहेर तंबूत झोपायला लागले. ताई तलासरीला शाळेत शिकवते, बाबा डहाणूला एकटे. आमच्या जुन्या घराच्या भिंती हातभर जाड, आत मोबाइलला रेंज नाही. म्हणून मी वाय-फाय बसवलं होतं. धक्का बसला की व्हॉट्सअ‍ॅप कॉल करायचा, असं ठरलेलं.

त्यानंतरच्या एका रात्री ताईचा फोन. "अगं, आत्ता जोरात हललं. बाबांना लाव, माझा लागत नाहीये." मी लावला. एकदा, दोनदा, दहा वेळा. डबा ऑफलाइन. रात्री दीड वाजता मी अंधेरीत लॅपटॉपसमोर बसून तो पिंग करत होते आणि हातपाय गार पडले होते. शेवटी शेजारच्या काकांना उठवलं. ते टॉर्च घेऊन गेले. पंधरा मिनिटांनी बाबा लाइनवर.

"काय गं, एवढ्या रात्री?"

"बाबा, वाय-फाय का बंद आहे?"

"मीच बंद करतो रोज. झोपल्यावर कोण वापरतंय? उगाच लाइट बिल."

मला रडू की ओरडू कळेना. इन्व्हर्टर लावला, चॅनेल बदलला, पासवर्ड मोठ्या अक्षरात लिहून कपाटावर चिकटवला. एवढी मोठी इंजिनिअर मी! झोपताना माणूस बटण बंद करतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ऑफिसात कोणी करत नाही ना.

शनिवारी ताई तलासरीहून आली. मी केबल्स काढून बसले होते, डब्याला बॅटरी बॅकअप कुठला घ्यावा यावर तिला लेक्चर देत होते. तिनं ऐकूनच घेतलं नाही. बाबांच्या औषधांच्या डब्यातली चिकटपट्टी काढली, प्लगच्या बटणावर आडवी-उभी चिकटवली आणि वर पेननं लिहिलं, 'बाबा, हे नको.'

बाबा टीव्ही, पंखा, देवघरातला दिवा, सगळं अजूनही बंद करतात. पट्टी दोनदा बदलून झाली.